मधुमेह, पावसाळी ताप आणि फ्लूची लस : मुंबईकरांचे अनुभव

मुंबईत फ्लूचा मुख्य हंगाम जून ते सप्टेंबर असा पावसाळी असतो. हिवाळ्यात येणारी दुसरी लाट सहसा लहान असते. मधुमेह असलेल्यांना या काळात तापाबरोबर साखरेकडेही पाहावे लागते. संसर्ग झाला की शरीरात कॉर्टिसॉल, अ‍ॅड्रेनलिन यांसारखी संप्रेरके वाढतात, यकृत साठवलेली साखर रक्तात सोडू लागते आणि इन्सुलिनचा प्रभाव कमी पडतो. म्हणून दिवसभर पोटात अन्नाचा कण नसतानाही ग्लुकोमीटर नेहमीपेक्षा चढा आकडा दाखवतो. ‘जेवलोच नाही, तर गोळी-इंजेक्शन कशाला?’ हा घरोघरी ऐकू येणारा तर्क येथेच फसतो, आणि आजवर पाहिलेल्या आजारपणांवरून माझे मत असे झाले आहे की फ्लूइतकेच नुकसान हा तर्क करतो.

आपण लस घेतली का, केव्हा घेतली किंवा का घेतली नाही, आजारपणात साखर कशी सांभाळली आणि डॉक्टरांना केव्हा गाठले, हे सविस्तर लिहावे अशी विनंती मी मुंबईकर वाचकांना केली होती. त्यांनी लिहिलेले अनुभव पुढे देत आहे; कंसातल्या तिरप्या मजकुरातल्या टिपा माझ्या आहेत. औषधांची मात्रा लिहू नये असेही सुचवले होते, कारण एकाची मात्रा दुसऱ्याला लागू पडत नाही.

विलेपार्ले, निवृत्त बँक अधिकारी

२००९ मध्ये स्वाइन फ्लूच्या साथीत चिंचपोकळीच्या कस्तुरबा रुग्णालयात तपासणीसाठी लोटलेली गर्दी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना फ्लू म्हणजे साधे पडसे असे म्हणवत नाही. त्या साथीचा एच१एन१ विषाणू आता दरवर्षीच्या लशीतला नेहमीचा घटक झाला आहे.

मी लस मे महिन्याच्या पूर्वार्धात घेतो. टोचल्यानंतर संरक्षण तयार व्हायला सुमारे दोन आठवडे लागतात, म्हणजे पाऊस येईपर्यंत आपण तयार असतो. जागतिक आरोग्य संघटना लशीतले विषाणूप्रकार वर्षातून दोनदा ठरवते: फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी आणि सप्टेंबरात दक्षिण गोलार्धासाठी. आपण भूगोलाने उत्तर गोलार्धात असलो तरी एप्रिल-मेमध्ये घ्यायची ती ताजी लस दक्षिण गोलार्धाच्या सूत्राची असते, त्यामुळे खोक्यावरचे वर्ष आणि गोलार्ध वाचल्याशिवाय मी दंड पुढे करत नाही. काहींना ‘चार प्रकारांची’ लस हवी असते आणि तीन प्रकारांची दिली की फसवल्यासारखे वाटते. वस्तुतः बी विषाणूचा यामागाता नावाचा वंश मार्च २०२० नंतर आढळलेला नाही, म्हणून संघटनेनेच तो वगळण्याची शिफारस केली आहे.

लशीनंतर माझा दंड दुखतो, क्वचित अंग मोडून येते आणि साखर किंचित वर जाते. टोचण्याच्या लशीत जिवंत विषाणू नसतो, त्यामुळे तिच्यातून फ्लू होत नाही. मात्र लस घेऊनही एका पावसाळ्यात मला फ्लू झाला होता, हेही सांगितले पाहिजे.

*(विषाणूशी चांगली जुळणारी लसही फ्लूमुळे डॉक्टरकडे जाण्याची शक्यता साधारण ४० ते ६० टक्क्यांनी कमी करते. म्हणजे घेतलेल्यांपैकी काहींना ताप येणारच. मधुमेहींसाठी तिचे मोल आजार न्यूमोनियापर्यंत किंवा रुग्णालयापर्यंत जाण्याची शक्यता कमी होते, यात अधिक आहे.)*

कांजूरमार्ग, टाइप १ मधुमेह असलेल्या मुलाची आई

आमच्याकडे शाळा सुरू झाली की सर्दी-खोकल्याचे सत्र सुरू होते. गेल्या पावसाळ्यात मुलाला कडकडून ताप आला, त्याने दुपारचे जेवण परत पाठवले आणि संध्याकाळी उलटी केली. सासूबाई काळजीपोटी म्हणाल्या, ‘पोर काही खात नाही, इंजेक्शन दिलेस तर साखर उतरेल गं.’ त्यांची भीती निराधार नव्हती, कारण उलट्या होणाऱ्या मुलाची साखर खरोखरच घसरू शकते. परंतु टाइप १ मध्ये शरीर स्वतःचे इन्सुलिन जवळजवळ बनवतच नाही, त्यामुळे ते पूर्ण थांबवले तर शरीर चरबी जाळू लागते आणि रक्तात कीटोन नावाची आम्ले साचतात, जी वाढली तर जिवावर बेतू शकतात. आमच्या डॉक्टरांनी आजारपणासाठी लिहून दिलेला कागद फ्रिजच्या दारावर लावलेला आहे. त्याचा पहिलाच नियम असा की दिवसभर पुरणारे इन्सुलिन बंद करायचे नाही, मात्रा वाढवायची की कमी करायची हे साखर आणि कीटोन पाहून फोनवर विचारायचे.

त्या रात्री आम्ही दोघांनी आळीपाळीने जागून दर दोन-तीन तासांनी साखर तपासली. रक्तातले कीटोन (मिलिमोल प्रति लिटरमध्ये) ०.६ च्या आत असतील तर ठीक, १.५ च्या पुढे गेले तर लगेच फोन, आणि ३ झाले तर विचारत न बसता रुग्णालय, असे आकडे त्या कागदावर आहेत. आमचा आकडा मधल्या टप्प्यात घुटमळत राहिला. साखर चढी असेपर्यंत पाणी आणि मीठ घातलेले पातळ ताक चमच्या-चमच्याने दिले. ती उतरू लागल्यावर तांदळाची पेज सुरू केली, कारण इन्सुलिन चालू ठेवायचे तर थोडे पिष्ट पोटात जावे लागते. श्वास खोल आणि जलद होणे, पोटात दुखत राहणे, तोंडाला फळासारखा वास येणे, मूल गुंगीत जाणे, यांपैकी एक जरी दिसले असते तरी मध्यरात्री रिक्षा काढली असती. पहाटे कीटोन उतरले, मुलाने मेतकूट-भात मागितला आणि सासूबाईंनी तो स्वतः कालवला.

लस आम्ही चौघेही घेतो. मुलासाठी ती आवश्यकच आहे, पण घरात ताप आणणारे आम्हीही आहोत. त्याचे बाबा रोज कुर्ल्याला लोकल बदलतात.

गिरगाव, मुलगी आईविषयी लिहिते

आईच्या गळ्यात तुळशीची माळ आहे. फ्लूची लस सहसा कोंबडीच्या अंड्यांत विषाणू वाढवून तयार करतात, हे तिने कुठेतरी ऐकले आणि हात आखडता घेतला. अंड्याची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांनाही आता ही लस देतात, हे मी सांगितले. पण तिचा प्रश्न अ‍ॅलर्जीचा नव्हताच. मी वाद घातला नाही. आमच्या फॅमिली डॉक्टरांनी तिला शांतपणे समजावले, न्यूमोनियाची लस वेगळी असते आणि तिच्यात अंडे नसते हेही सांगितले. ती तिने आनंदाने घेतली. फ्लूची मात्र नाहीच. घरातल्या बाकी सर्वांनी घेतली, आणि कोणाला शिंक आली तरी तो तिच्या खोलीत मास्क लावूनच जातो.

श्रावणात उपवासाच्या दिवशी ताप आला तर काय, हा आमचा खरा प्रश्न असतो. साबुदाण्याची खिचडी आणि तापाची चढी साखर एकत्र आली की आकडा पाहवत नाही. यंदा डॉक्टरांनीच ‘आजाऱ्याला उपास माफ असतो’ असे सांगितल्यावर ते तिला पटले.

लालबाग, औषधविक्रेता

काउंटरवर सर्वाधिक विचारणा ‘शुगर-फ्री’ खोकल्याच्या औषधाची असते. चमचाभर गोड औषधात दोन-तीन ग्रॅम साखर असेल. तिची जेवढी धास्ती असते त्याच्या चौथाईही स्टेरॉइडच्या गोळ्यांची नसते. सकाळी घेतलेले स्टेरॉइड दुपारनंतर साखर कशी उसळवते, ते उपाशीपोटीच तपासणाऱ्यांना कळतही नाही. दमा बळावल्यास ते लागते, पण आपल्याला मधुमेह आहे हे डॉक्टरांना आधी सांगावे. नाक मोकळे करणाऱ्या गोळ्यांनी रक्तदाब चढू शकतो, तेव्हा त्याही मनाने घेऊ नयेत.

ओआरएसविषयी उलटी गंमत आहे. मान्य सूत्राच्या पुडीत एका लिटरला १३.५ ग्रॅम ग्लुकोज असते, म्हणजे पेलाभर पाण्यात तीन ग्रॅमही नाही. तिला घाबरून लोक नारळपाण्यावर आणि फळांच्या चवीच्या खोक्यांवर जातात, ज्यांत त्याहून जास्त साखर असते.

एम्पाग्लिफ्लोझिन, डापाग्लिफ्लोझिन या मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांना मी आवर्जून बजावतो की उलट्या-जुलाब होत असतील, खाणेपिणे सुटले असेल, तर डॉक्टरांना त्याच दिवशी फोन करा. अशा वेळी त्या बहुधा काही दिवस थांबवायला सांगतात, कारण साखर फारशी चढलेली नसतानाही कीटोन वाढू शकतात. मेटफॉर्मिनबद्दलही तेव्हाच विचारून घ्यावे. इन्सुलिनला हा नियम लावू नये.

परळ, बस वाहक

मला लस परवडते असे नाही. प्रौढांना ती बहुतेक करून पदरचे पैसे मोडूनच घ्यावी लागते. गाडीत दिवसभर लोक खोकतात, त्यामुळे पैसे बाजूला ठेवून घेतो. मागच्या जुलैत ताप आला तेव्हा लस घेतली आहे म्हणून घरी पडून राहणार होतो, पण पोटऱ्या भयंकर दुखत होत्या आणि आदल्या आठवड्यात हिंदमाताच्या तुंबलेल्या पाण्यातून चालत गेलो होतो. रक्त तपासले तर लेप्टो निघाला, म्हणजे उंदरांच्या मुतातून साचलेल्या पाण्यात येणाऱ्या जंतूंचा ताप. पायाला भेग होती, जंतू तिथूनच शिरले असावेत. पावसाळ्यातला प्रत्येक ताप फ्लू नसतो. डेंग्यू, मलेरियाही असतो. तपासणी होईपर्यंत पॅरासिटामॉलशिवाय दुसरी वेदनाशामक गोळी घेऊ नका, असे दवाखान्यात सांगितले.

*(फ्लूच असेल तर ओसेल्टामिविर हे औषध पहिल्या ४८ तासांत सुरू झाल्यास अधिक उपयोगी पडते. मधुमेही जोखमीच्या गटात येतात, म्हणून अहवालाची वाट न पाहता ते सुरू करण्याचा निर्णय डॉक्टर घेऊ शकतात. त्यासाठी तिसऱ्या-चौथ्या दिवसापर्यंत अंगावर काढू नये.)*

मुलुंड, गृहिणी

माझे मे महिन्यात राहून गेले. गणपतीत घरी पाहुण्यांची रीघ असते. आता घेऊन उपयोग आहे का, की पुढच्या वर्षाची वाट पाहावी?

*(उपयोग आहे. पावसाळ्याची लाट ओसरायला वेळ असतो आणि हिवाळ्यातली पुढे असते. गणपतीच्या निदान दोन आठवडे आधी घ्यावी, ताप असेल तर उतरल्यावर घ्यावी, आणि पुढच्या मेमध्ये नवी लस पुन्हा घ्यावी लागेल, कारण संरक्षण काही महिन्यांत ओसरते आणि विषाणूही बदलतात.)*