दमदार गाडी आणि पेट्रोलचा हिशेब: तुमचे अनुभव लिहा

मंडळी, हा धागा दमदार पेट्रोल गाड्या नेमाने चालवणाऱ्यांसाठी आहे. ऑक्टेव्हिया आरएस, पोलो जीटीआय, मस्टँग, जुनी पालिओ १.६, परदेशात असाल तर गोल्फ आर किंवा कॉर्व्हेट, जी असेल ती. "एवढी गाडी घेतलीत, मग ॲव्हरेज कशाला बघता?" हे आपण सगळ्यांनीच ऐकलंय. मला ते अजिबात पटत नाही. ताकदीचं इंजिन कमी पेट्रोलमध्ये पळवायला डोकं आणि पाय दोन्ही लागतात, आणि तो या गाड्यांच्या आनंदाचाच भाग आहे.

गाडी कोणती, रस्ता कोणता, कशाने खरंच फरक पडला आणि कशाने नाही, ते लिहा. एकच विनंती: आकडा टाकी फुल ते टाकी फुल असा काढलेला द्या. पंप तोच, आणि पहिल्या ऑटो कटला (पंपाची नळी आपोआप बंद होते तिथे) थांबायचं. डॅशबोर्डवरचा आकडा बहुतेक गाड्यांत वास्तवापेक्षा थोडा बरा दिसतो.

सुरुवात मी करतो.

पुणे, ऑक्टेव्हिया आरएस २३० (धागाकर्ता)

दोन लिटरचं टर्बो इंजिन, २३० हॉर्सपॉवर. पण माझ्या दृष्टीने महत्त्वाचा आकडा दुसराच आहे: ३५० न्यूटन मीटरचा टॉर्क (चाकं फिरवणारा जोर) १५०० आरपीएमलाच, म्हणजे इंजिन मिनिटाला १५०० फेरे घेतं तेव्हाच, हजर होतो. म्हणजे शहरात २००० च्या वर जायची गरजच पडत नाही. गिअरबॉक्स 'डी'मध्ये ठेवला आणि पाय शांत ठेवला की ती स्वतःच लवकर वरचा गिअर घेते.

सगळ्यात मोठा फरक पडला तो ब्रेक कमी मारल्याने. ब्रेक दाबला की आधी जाळलेलं पेट्रोल चाकांपाशी उष्णता होऊन जातं. लांबचा सिग्नल लाल दिसला की मी तिथूनच पाय काढतो आणि गाडी गिअरमध्येच ठेवतो. आजच्या इंजेक्शनच्या गाड्यांत गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर पूर्ण सोडला की इंजेक्टर बंद होतात. इंजिन चाकांच्या जोरावर फिरत राहतं, पेट्रोल शून्य. लोणावळ्याहून खोपोलीकडे बोरघाट उतरताना स्क्रीनवर हे स्पष्ट दिसतं. त्याच उतारावर काही जण न्यूट्रल करून जातात. त्यात इंजिनला आयडलिंगपुरतं पेट्रोल लागतंच, शिवाय सगळा भार ब्रेकवर येऊन ते तापतात. घाटात ६० ची मर्यादा आहे, ती योग्य गिअरमध्ये आपोआप पाळली जाते. (माझ्या गाडीच्या इको मोडमध्ये पाय काढला की गिअरबॉक्स स्वतःच मोकळा होतो. सपाट रस्त्यावर ते चांगलं, घाटात मी तो मोड बंद ठेवतो.)

लिटरमागे शहरात साडेआठ-नऊ किलोमीटर, एक्सप्रेस वेवर १०० च्या मर्यादेत तेरा-चौदा. शहरातला आकडा पूर्वी साताच्या आसपास असायचा.

नाशिक, पोलो जीटीआय

दादा, ब्रेकबद्दल शंभर टक्के सहमत. पण "पाय शांत" याचा अर्थ लोक गाडी रांगत रांगत वेगात आणणं असा घेतात, त्यावर लिहितो. पेट्रोल इंजिन हवा थ्रॉटलच्या झडपेतून ओढतं. झडप जेमतेम उघडी असेल तर ती हवा ओढण्यातच इंजिनची ताकद खर्च होते. त्यामुळे कमी आरपीएमवर जरा मोकळा पाय देऊन पटकन ६० गाठायचे, लगेच टॉपला जायचं आणि मग वेग धरून ठेवायचा, हे माझ्या गाडीला तरी जास्त मानवतं. मोकळा म्हणजे अर्ध्याच्या आत. तळाशी टेकवायचा नाही.

आणि समृद्धीवर १२० ची मर्यादा आहे म्हणून १२० नेच गेलं पाहिजे असं नाही. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. १०० वरून १२० वर गेलात की तो ४४ टक्के जास्त. इगतपुरी ते संभाजीनगर मी १०० ते १०५ वर क्रूझ लावून जाते. वेळेत फार फरक पडत नाही, ॲव्हरेजमध्ये मात्र लिटरमागे दोन किलोमीटर सहज.

ठाणे, मस्टँग जीटी

पाच लिटर, व्ही८. घोडबंदर रोडवर गर्दीच्या वेळी चार, कधी साडेतीन. हायवेला नऊपर्यंत गेलेली आहे.

या इंजिनचा खरा शत्रू उभं राहणं आहे. एसी लावून थांबलं तर माझ्या स्कॅनरवर (गाडीच्या संगणकाला जोडून आकडे दाखवणारं यंत्र) तासाला दीड-दोन लिटर दिसतं. म्हणून पंधरा-वीस मिनिटं मागेपुढे करून गर्दी टाळता आली तर ती मी टाळतो. दुसरा शत्रू थंड इंजिन. सुरू केल्यावर पहिली काही मिनिटं मिश्रणात हवेच्या मानाने पेट्रोल जास्त असतं, तेल जाड असतं, आणि दोन किलोमीटरवरच्या दुकानापर्यंत जाऊन परत येताना ते कधी नीट तापतच नाही. बँक, भाजी, आईची औषधं ही कामं आता मी एकाच फेरीत, गरम इंजिनवर उरकतो. सगळ्यात लांबचं काम आधी. जवळच्या कामाला चालत जातो. एवढ्या एका सवयीने महिन्याचं बिल जेवढं उतरलं तेवढं दुसऱ्या कशानेच नाही.

श्टुटगार्ट, गोल्फ आर

आमच्याकडे हिशेब उलटा, १०० किलोमीटरला किती लिटर. ऑटोबानवर जिथे मर्यादा नाही तिथेही १३० हा शिफारस केलेला वेग आहे, आणि त्या वेगाला माझी गाडी साडेआठच्या आसपास पिते. १८० धरला की चौदा-पंधरा. यात हवेचा विरोध आहेच, पण आणखी एक गोष्ट आहे. बऱ्याच टर्बो पेट्रोल इंजिनांत सतत पूर्ण भार पडला की टर्बो आणि एक्झॉस्ट जास्त तापू नयेत म्हणून संगणक गरजेपेक्षा अधिक पेट्रोल सोडतो. ते जळून ताकद देत नाही, फक्त थंडावा देतं. हे कळल्यापासून मी १६० च्या वर फार वेळ राहत नाही. रिकामा रस्ता दिसला की एकदा मनसोक्त पळवतो आणि परत १३० वर येतो.

छतावरचा सामानाचा डबा सुट्टीवरून आल्याच्या दिवशीच काढा. तो रिकामा असला तरी पेट्रोल खातो.

कोल्हापूर, गॅरेजवाला

चालवण्याबद्दल सगळ्यांनी छान लिहिलंय. मी गाडीच्या बाजूचं लिहितो, कारण ॲव्हरेजची तक्रार घेऊन आलेल्या अनेक गाड्यांत चालवणाऱ्याचा काही दोष नसतो.

गेल्या पावसाळ्यात एक जर्मन सेडान आली. ताकद ठीक, आवाज ठीक, पण ॲव्हरेज एकदम पडलेलं. मालकाने प्लग, फिल्टर सगळं आधीच बदललं होतं. मी स्कॅनर लावून हायवेला घेतली तर कूलंटचं तापमान ७० च्या वर जाईना. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंटला रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप, उघडा अडकला होता. संगणकाला वाटत राहतं की इंजिन अजून थंडच आहे, मग तो पेट्रोल वाढवून देतो. डॅशवरचा काटा बऱ्याच गाड्यांत हे नीट दाखवत नाही, कारण मधल्या मोठ्या टप्प्यात तो मध्यावर स्थिर राहील असाच बसवलेला असतो.

दुसरं, लाँग टर्म फ्युएल ट्रिम, म्हणजे ठरलेल्या पेट्रोलपेक्षा संगणक सरासरी किती टक्के जास्त किंवा कमी सोडतोय तो आकडा. साधा ब्लूटूथ स्कॅनर आणि मोबाइल, एवढ्यात दिसतं. हा आकडा शून्याच्या आसपास, साधारण अधिक-उणे पाचात असला तर उत्तम. अधिक दहाच्या पुढे गेला तर इंजिन कुठून तरी न मोजलेली हवा ओढतंय, किंवा हवा मोजणारा सेन्सर मळलाय. उणे दहा असेल तर गळका इंजेक्टर किंवा ऑक्सिजन सेन्सर बघा. आकडा पाहिल्याशिवाय पार्ट बदलू नका. या गाड्यांचे पार्ट महाग आहेत आणि अंदाजाने पैसे घालवताना लोकांना बघून मला वाईट वाटतं.

तिसरं फुकटचं. वीस-पंचवीस किलोमीटर शक्यतो ब्रेक न मारता चालवा, थांबा, चारही रिमच्या जवळ हात न्या. लावू नका, भाजेल. एकच चाक जास्त गरम लागलं तर कॅलिपर (ब्रेकची पॅड डिस्कवर दाबणारा भाग) चिकटलाय. मोठ्या कॅलिपरच्या, पावसात फार वेळ उभ्या राहिलेल्या गाड्यांत हे नेहमी सापडतं.

ह्यूस्टन, कॉर्व्हेट सी६

अमेरिकेत १९७८ च्या कायद्याने जास्त पेट्रोल पिणाऱ्या कारवर कर आला. सरकारी चाचणीत गॅलनला २२.५ मैलांच्या खाली असलेल्या कारला तो लागतो. कॉर्व्हेटच्या मॅन्युअल गिअरबॉक्समध्ये १९८९ पासून जी युक्ती आहे ती इंधनाच्या या हिशेबातूनच आली: हलक्या पायाने निघालात तर पहिल्यातून दुसरा पडतच नाही, लिव्हर थेट चौथ्यात जातो. बरेच मालक ही व्यवस्था काढून टाकतात. मी ठेवली आहे. ६.२ लिटरचं इंजिन चौथ्यात ४० किलोमीटरच्या वेगालाही कुरकुर न करता ओढतं.

सहावा गिअर इतका उंच आहे की ताशी ७० मैलांना इंजिन १५००-१६०० वर फिरतं. ४३० हॉर्सपॉवर आणि हायवेला लिटरमागे अकरा-बारा किलोमीटर. बुटकी, निमुळती, वजनाने दीड टनाच्या आत, म्हणून हे जमतं. नुसतं इंजिनचं माप बघून गाडीला खादाड म्हणणाऱ्यांना मी हे आवर्जून सांगतो.

सांगली, पालिओ १.६

दोन प्रश्न. ई२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) आल्यापासून ॲव्हरेज उतरल्यासारखं वाटतं, ते मनाचे खेळ आहेत का? आणि शंभर ऑक्टेनचं पेट्रोल टाकून काही मिळतं का?

कोल्हापूर, गॅरेजवाला

मनाचे खेळ नाहीत. इथेनॉलच्या एका लिटरमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश ऊर्जा असते. शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत ई२० मध्ये सहा-सात टक्के ऊर्जा कमी, म्हणजे तेवढा फरक पडणारच. दहा टक्के मिश्रणाशी तुलना केली तर तो निम्मा. पण तुमची गाडी जुनी आहे, त्यामुळे आधी रबरी पाइप आणि सील तपासून घ्या, ॲव्हरेज नंतर.

ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे. नॉकिंगला, म्हणजे इंजिनात पेट्रोल अवेळी पेटून होणाऱ्या खडखडाटाला, तोंड देण्याची क्षमता. कंपनीने ९५ च्या वरचं मागितलं असेल तर टाका, कारण कमी ऑक्टेनवर संगणक स्पार्क मागे घेतो (ठिणगी उशिरा टाकतो) आणि तिथे ॲव्हरेजही जातं. तुमच्या पालिओला शंभरचा उपयोग नाही, ते पैसे टायरला लावा.

नाशिक, पोलो जीटीआय

टायरचा विषय निघालाच आहे तर: दाराच्या खांबावर किंवा पेट्रोलच्या झाकणाच्या आत जो स्टिकर असतो, त्यावर पूर्ण भाराचा दाब वेगळा दिलेला असतो. चौघे आणि सामान असेल तर तो भरा. हवा गाडी थंड असताना तपासा. पंपापर्यंत दहा किलोमीटर पळवून नेलीत तर दाब दोन-तीन पीएसआय जास्त दिसतो, आणि पंपावरचा मुलगा बिचारा तेवढी हवा काढून टाकतो. मी घरीच छोटा कंप्रेसर ठेवलाय आणि दर दुसऱ्या रविवारी सकाळी, गाडी काढायच्या आधी, चारही चाकं बघते. स्टेपनीसुद्धा.