कणकुंबीला बेडकांच्या सर्व्हेला चाललेय, पहिल्यांदाच. काय काय न्यावं?

टिळकवाडीची_पोर: झूलॉजीत एमएस्सी झालंय. जूनअखेरीस खानापूर तालुक्यातल्या कणकुंबीकडच्या रानात एका टीमच्या फील्ड कॅम्पवर महिनाभर व्हॉलंटिअर म्हणून चाललेय. पत्र्याच्या दोन खोल्या, सोलरचा दिवा, संडास बाहेर, रेंज नाही, एवढंच कळलंय. आजवर बेडूक बघितला तो फॉर्मलिनच्या बरणीतला, म्हणून लई ओढ लागलीय पण आई जळवा आणि सापांच्या काळजीनं हैराण आहे. कुणी राहिलंय का तसं?

रानवाटा: मी दोन पावसाळे राहिलोय. जीन्स नेऊ नको, महिनाभर वाळत नाही. पहिल्या दिवशी पोचेपर्यंत सॅकमधली वही भिजून लगदा झाली, तेव्हापासून वही प्लास्टिकच्या पिशवीत आणि लिहायला पेन्सिलच, शाई पसरते. रात्री पत्र्यावर पाऊस असा कोसळतो की शेजारचं बोलणं ऐकू येत नाही, झोप लागली नाही तर घाबरू नको, तिसऱ्या रात्री लागते.

निपाणीकर: जळवांना तंबाखूची भुकटी मोज्यात टाक की, आमच्याकडं काय कमी नाही.

रानवाटा: दादा, उपाय खरा आहे पण हिच्या कामाला नको. बेडूक कातडीतून पाणी पितो, श्वासही घेतो, हाताला तंबाखू, मीठ नाहीतर ओडोमॉस लागलेला असला तर ते सगळं त्याच्या अंगात जातं. बेडूक धरायच्या आधी ओढ्याच्या पाण्यात हात नुसते धुवून ओलेच ठेवायचे. एका ओढ्यावरनं दुसऱ्यावर जाताना गमबूटसुद्धा धुवून, औषध मारून घ्यायचे, बेडकांना रोग लावणारी बुरशी बुटाच्या चिखलातनं पसरते. जळू चिकटली तर तोंडाखाली नख सरकवून सोडवायची. नंतर बराच वेळ रक्त येतं, तिच्या लाळेनं ते गोठत नाही म्हणून, त्यात भ्यायचं काही नाही.

मलप्रभेकाठचा: आमच्याच गावाकडं येऊलीस की! माऊलीच्या देवळाजवळ मलप्रभेचा उगम आहे, तो बघून घे. रात्री हेडलॅम्प मारल्याशिवाय फांदीला हात लावू नको, मलबार चापडा साप खालच्या फांदीवर हलत पण नाही, विषारी आहे. आणि डबक्यावर वाकलेल्या फांद्या बघ, पानांना पांढरा फेस दिसंल, ते उडत्या बेडकाचं घरटं. अंडी फुटली की पिल्लं टपटप खाली पाण्यात पडतात. मी लहानपणापासनं बघतोय, अजून पाय निघत नाही तिथनं.

टिळकवाडीची_पोर: तंबाखू कॅन्सल! आई म्हणतीय लीच सॉक्स, म्हणजे जळवांसाठीचे कापडी मोजे, मीच शिवून देते, कापड कुठलं घेऊ?

रानवाटा: मांजरपाट, घट्ट विणीचं. गुडघ्यापर्यंत शिवा, वर नाडी घाला. दोन जोड करा, एक ओलाच असतो.