'पेशीकंकाल' की 'सांगाडा'? आणि 'ताण' नेमका कुठला?

प्रश्न: मूलपेशींवर (स्टेम सेल, म्हणजे ज्यांच्यापासून वेगवेगळ्या प्रकारच्या पेशी बनू शकतात) मराठीत लेख लिहिते आहे. सायटोस्केलेटनसाठी (पेशीला आकार देणारं, अ‍ॅक्टिनसारख्या प्रथिनांच्या तंतूंचं जाळं) 'पेशीकंकाल' आणि 'पेशीचा सांगाडा' असे दोन शब्द मिळाले. 'अ‍ॅक्टिन तंतूंवरील ताणामुळे मूलपेशीचे भवितव्य ठरते' हे वाक्य बहिणीला दाखवलं, तर तिला तो मानसिक ताण वाटला. काय करावं?

प्रतिसाद १: 'कंकाल' नकोच, त्यात मरणाची छटा आहे. 'सांगाडा' लिहा, पण पहिल्याच परिच्छेदात सांगा की हा हाडांसारखा कायमचा नाही. अ‍ॅक्टिनचे तंतू जेमतेम 7 नॅनोमीटर जाडीचे. एका टोकाला वाढतात, दुसऱ्या टोकाला सुटत जातात. मांडवाचे दोर सोडून पुन्हा दुसरीकडे आवळावेत, तसं हे काम अखंड चालू असतं. आवळणारं प्रथिन म्हणजे मायोसिन.

'ताण'बद्दल बहिणीचं बरोबर आहे. इथे 'ओढ' किंवा 'खेच' म्हणा. पेशी खालच्या पृष्ठभागाला खेचून बघते आणि त्यावरून तो किती ताठर हे तिला कळतं. अ‍ॅडम एंगलर, डेनिस डिशर आणि सहकाऱ्यांचा 2006 चा प्रयोग लेखात जरूर घ्या. मानवी अस्थिमज्जेतल्या मूलपेशी त्यांनी कमीजास्त ताठर जेलवर वाढवल्या. पोषक द्रव तोच, फरक फक्त जेलच्या ताठरपणात. मेंदूइतक्या मऊ जेलवर (0.1 ते 1 किलोपास्कल; हे ताठरपणा मोजायचं एकक) पेशींना चेतापेशींसारख्या फांद्या फुटल्या. 8 ते 17 किलोपास्कलला त्या स्नायूंकडे वळल्या, 25 ते 40 ला हाडांकडे. ब्लेबिस्टॅटिन हे रसायन घालून मायोसिनची खेच बंद केल्यावर मात्र पेशी अशा वळेनात. म्हणून 'खेच' हा शब्द मला इतका महत्त्वाचा वाटतो: ती थांबली की ताठरपणा ओळखणंही थांबतं.

अभियांत्रिकीतले 'प्रतिबल' (स्ट्रेस) आणि 'विकृती' (स्ट्रेन) इथे आणू नका. जीवशास्त्राच्या लेखात 'विकृती' दिसली की वाचक आजारच समजणार.

प्रतिसाद २: वरच्याशी सहमत. फक्त 'भवितव्य ठरते' फार ठाम वाटतं. रासायनिक संकेतही असतातच. पेशीच्या आकाराचाही परिणाम होतो: 2004 च्या एका प्रयोगात पसरायला जागा मिळालेल्या मूलपेशी हाडाच्या वाटेला गेल्या, आक्रसून राहिलेल्या चरबीच्या. मी असं लिहीन: 'अ‍ॅक्टिन-मायोसिनच्या खेचीमुळे मूलपेशीला पृष्ठभागाचा ताठरपणा जाणवतो, आणि ती कोणत्या प्रकारची पेशी होणार याचा कल त्यावरही अवलंबून असतो.'