तळघरातील ओल आणि गळती : पाणी कोठून येते हे कसे शोधले, कसे थांबवले?

तळघराच्या भिंतीला ओल दिसली की पहिला विचार रंगाचा होतो आणि दुसरा जलरोधक लेपाचा. पाणी नेमके कोठून येते हा प्रश्न बहुधा लेपाचे पापुद्रे सुटू लागल्यावरच विचारला जातो. म्हणून या धाग्यात कोणते साहित्य वापरले एवढेच न सांगता पाण्याचा उगम कसा निश्चित केला, काम आतून केले की बाहेरून, आणि त्यानंतर झालेल्या मोठ्या पावसात भिंत कोरडी राहिली का, हेही लिहावे, अशी विनंती आहे. अपयशी ठरलेले उपायही तितकेच उपयोगी आहेत.

*

आमच्या तळघरातील ओल ही गळती नव्हतीच, त्यामुळे माझा अनुभव सर्वांत आधी लिहिते. हवा उष्ण आणि दमट असली की भिंतीच्या खालच्या भागावर थेंब जमत, आणि घरातील सर्वांची खात्री होती की जमिनीतले पाणी आत झिरपते आहे. एका जाणकारांनी सुचवलेली साधी चाचणी आम्ही केली : सुमारे दोन फूट लांबी-रुंदीचा पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा भिंतीवर चारही कडांनी चिकटपट्टीने घट्ट बसवला आणि एक-दोन दिवस तसाच ठेवला. पाणी प्लास्टिकच्या मागे, म्हणजे भिंतीच्या बाजूला जमले तर ते भिंतीतून येते. खोलीच्या बाजूला जमले तर ते हवेतले असते. आमचे हवेतले निघाले.

कारण कळल्यावर गणितही कळले. हवेचे तापमान ३० अंश सेल्सिअस आणि आर्द्रता ८० टक्के असेल, तर सुमारे २६ अंशांपेक्षा थंड असलेल्या कोणत्याही पृष्ठभागावर दव धरते, आणि जमिनीखालची भिंत त्याहून थंड असणे अगदी स्वाभाविक आहे. ‘हवा खेळती राहू दे’ म्हणून आम्ही दमट दिवसांत ज्या खिडक्या उघडत होतो, त्याच ओल आत आणत होत्या. आता त्या दिवसांत खिडक्या बंद असतात, डिह्युमिडिफायर आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास ठेवतो, थंड पाण्याच्या नळ्यांना फोमचे वेष्टण आहे आणि कपाटे भिंतीपासून वीतभर पुढे ओढलेली आहेत. कुबट वास गेला.

*

आमच्याकडे मात्र पाणी खरोखरच बाहेरून येत होते, परंतु ते भूजल नव्हते. ते आमच्याच छपरावरचे होते. शंभर चौरस मीटर छपरावर दहा मिलिमीटर पाऊस पडला तर एक हजार लिटर पाणी गोळा होते, आणि आमच्या पन्हळीची उभी नळी ते सारे पाणी तळघराच्या भिंतीच्या अगदी पायथ्याशी ओतत होती. त्यातच घर बांधताना पायाभोवती भरलेली माती वर्षानुवर्षे दबत जाऊन जमिनीचा उतार घराकडेच झाला होता, आणि भिंतीला लागून फुलझाडांचा वाफा असल्यामुळे पाऊस नसतानाही तेथील माती ओलीच राहत असे.

बाहेरून खणून संपूर्ण भिंतीला नवे आवरण देण्याचा मोठा प्रस्ताव आमच्यासमोर होता. तो बाजूला ठेवून आम्ही आधी स्वस्त कामे केली. पन्हळी साफ केल्या, उभ्या नळीला जोड देऊन पाणी भिंतीपासून दोन मीटरहून अधिक दूर सोडले, वाफा हलवला आणि चिकण माती ठोकून पहिल्या तीन मीटरमध्ये सुमारे पंधरा सेंटिमीटर उतार घराबाहेरच्या दिशेने दिला. हे करताना मातीची पातळी भिंतीच्या जलरोधक थराच्या वर जाणार नाही, याकडे लक्ष ठेवावे लागते. पुढच्या मुसळधार पावसात एका कोपऱ्यातील नळीच्या छिद्राशिवाय कोठेही पाणी आले नाही. ते छिद्र बुजवल्यावर खणण्याचा विषयच संपला.

*

मी बांधकाम क्षेत्रात काम केलेले असल्यामुळे भेगांविषयी थोडे सविस्तर लिहितो. भिंतीबाहेर माती पाण्याने संपृक्त झाली की प्रत्येक मीटर खोलीमागे दर चौरस मीटरवर सुमारे एक टन दाब वाढत जातो. आतून लावलेला रंग हा दाब पेलू शकत नाही. पाणी त्याला मागून ढकलते आणि तो फुगून सुटतो. त्यामुळे शक्य असेल तेथे जलरोधक थर पाण्याच्या बाजूला, म्हणजे बाहेरून द्यावा, हे तत्त्व आजही खरे आहे.

आतूनच काम करणे भाग असेल, तर भेगेचा प्रकार पाहून साहित्य निवडावे लागते. कोरड्या, स्थिर आणि भिंतीच्या मजबुतीशी संबंधित भेगेत इपॉक्सी भरतात, कारण ते काँक्रीटचे दोन भाग पुन्हा एकसंध करते. ओल्या किंवा किंचित हलणाऱ्या भेगेत पॉलियुरेथेन भरणे योग्य, कारण ते पाण्याशी संयोग होऊन फुगते आणि लवचीक राहते. प्रत्यक्ष धार लागलेली असेल तर काही मिनिटांत घट्ट होणारे जलद सिमेंट वापरतात, पण त्यासाठी भेग आत रुंद आणि तोंडाशी अरुंद अशी छिन्नीने कोरावी लागते, नाहीतर बसवलेला गोळा दाबाने निघून येतो. स्फटिक तयार करणारा लेप आतूनही चालतो, परंतु तो काँक्रीटवरच आणि तेही ओल्या पृष्ठभागावर लावायचा असतो. जुन्या रंगावर लावला तर त्याचा उपयोग शून्य. आणि भेग आडवी असेल, भिंत आत फुगलेली दिसत असेल किंवा भेग रुंद होत चालली असेल, तर जलरोधनाचा विचार सोडून आधी संरचना अभियंत्याला बोलवावे.

*

वरील लेखकांचे ‘बाहेरून करावे’ हे तत्त्व मान्य आहे, पण आमची भिंत शेजारच्या इमारतीला लागून आहे; खणणार कोठे? पाणी भिंत आणि फरशी यांच्या सांध्यातून येत होते, जे तळघरात फार वेळा घडते, कारण भिंत आणि तळ वेगवेगळ्या वेळी ओतलेले असतात. आम्ही पाणी अडवण्याऐवजी त्याला वाट दिली. भिंतीच्या कडेने फरशी फोडून चर खणला, त्यात खडी आणि गाळणी कापडात गुंडाळलेली सच्छिद्र नळी घातली, तिचा उतार एका खड्ड्याकडे दिला आणि खड्ड्यात तरंगत्या स्विचवर चालणारा पंप बसवला.

पंपाबद्दल दोन गोष्टी आवर्जून सांगते. बाहेर जाणाऱ्या नळीवर नॉन-रिटर्न झडप नसेल तर वर चढलेले पाणी पुन्हा खड्ड्यात येते आणि पंप विनाकारण चालू-बंद होत राहतो. दुसरे म्हणजे, सर्वांत जास्त पाऊस असतो तेव्हाच वीज जाण्याची शक्यता अधिक, म्हणून बॅटरीवरचा दुसरा पंप ही चैन नव्हे. आमच्या भिंती आजही पूर्ण कोरड्या नाहीत, पण फरशीवर पाणी येत नाही.

*

ओल पावसाशी जुळत नसेल तर पाण्याचा मीटर पाहावा. घरातील सर्व नळ बंद असताना काटा फिरत असेल, तर जमिनीखालची नळी फुटलेली असू शकते. आमची तशीच निघाली.

*

एक सूचना धोक्याविषयी. तळघरात पाणी भरले असेल तर वीजपुरवठा बंद झाल्याची खात्री होईपर्यंत त्यात पाय ठेवू नये. बाहेरची माती पाण्याने भरलेली असताना आतले सर्व पाणी एकदम उपसू नये, कारण आतला आधार गेल्यावर बाहेरच्या दाबाने भिंत ढासळू शकते; रोज साधारण एक तृतीयांश उपसावे.

*

गळती थांबल्यावर लगेच रंग लावता येईल का, असे दोघांनी विचारले आहे, म्हणून पुन्हा लिहितो. जाड भिंत वाळण्याचा ढोबळ अंदाज महिन्याला एक इंच असा धरतात. म्हणजे नऊ इंची विटांच्या भिंतीला एका बाजूने सुकायला नऊ महिनेही लागू शकतात. त्या काळात पांढरे क्षार बाहेर येतील. ते पाण्याने न धुता कोरड्या ब्रशने झाडावेत, कारण धुतल्यास ते पुन्हा भिंतीत मुरतात. फुगलेला गिलावा काढून टाकून भिंत तोपर्यंत उघडीच ठेवावी, आणि नंतरही वाफ आरपार जाऊ देणारा चुन्याचा किंवा खनिज रंग निवडावा.