डेंग्यूत प्लेटलेटचा आकडा: उपयोग किती, घबराट किती?

सूक्ष्मदर्शी (धागाकर्ती)
पावसाळा सरत आला की आमच्या लॅबच्या खिडकीवर एकच प्रश्न: "प्लेटलेट किती?" पेशंट गंभीर होणार की नाही, हे सांगायला हा आकडा एकटा कुचकामी आहे, असं माझं स्पष्ट मत. डेंग्यूत माणूस दगावतो तो बहुतेकदा रक्तवाहिन्यांतून प्लाझ्मा झिरपून, रक्तदाब कोसळून. ती गळती कळते हिमॅटोक्रिटवरून, म्हणजे रक्तात लाल पेशींचा वाटा किती टक्के यावरून; प्लाझ्मा (रक्तातला पातळ भाग) झिरपला की तो वाढतो. तो त्याच सीबीसीच्या (रक्तपेशींच्या मोजणीच्या) कागदावर छापलेला असतो, पण नातेवाइकांचं बोट थेट प्लेटलेटच्या ओळीवर. हिमॅटोक्रिट ३८ चा ४६ झाला तर वाढ २० टक्क्यांच्या वर गेली. सलाइनचा हिशेब तातडीने बघायला हवा. घरचे मात्र तेव्हा एसडीपीसाठी (एकाच दात्याकडून काढलेल्या प्लेटलेटच्या पिशवीसाठी) व्हॉट्सॲपवर मेसेज फिरवत असतात.

२०१७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये सिंगापूर-मलेशियातली चाचणी आली. प्लेटलेट २० हजार किंवा त्याखाली, पण मोठा रक्तस्राव नाही, असे प्रौढ पेशंट. काहींना प्लेटलेट चढवल्या, काहींना नाही. रक्तस्राव टाळण्यात फायदा दिसला नाही. चढवलेल्यांना ॲलर्जीसारखे त्रास मात्र जास्त झाले.

तालुक्याचा डॉक्टर
चढवू नका, हे मान्य. पण आकडा कुचकामी? मॅडम, आधी ३८ होता हे तुम्हाला कोणी सांगितलं? माझ्याकडे पेशंट येतो चौथ्या-पाचव्या दिवशी. धडधाकट असतानाचा रिपोर्ट किती जणांच्या घरी असतो? आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या २००९ च्या धोक्याच्या खुणांत हिमॅटोक्रिट चढणं आणि सोबत प्लेटलेट झपाट्याने उतरणं, असं जोडीनंच लिहिलंय. काल दीड लाख, आज ८० हजार आणि ताप उतरतोय, असा पेशंट मी घरी पाठवत नाही.

पपईप्रेमी (उपरोधाने)
सातव्या-आठव्या दिवशी प्लेटलेट आपल्या आपण चढतात आणि सत्कार होतो पाल्याच्या रसाचा.

सूक्ष्मदर्शी
@डॉक्टर, आधीचा आकडा नसतो, हे खरंच. त्यातून ॲनिमिया असलेली बाई आली तर आणखी पंचाईत. हिमॅटोक्रिट मुळात ३० असेल तर ३६ झाल्यावरही मशीन 'नॉर्मल' छापतं, ठळक अक्षरसुद्धा नाही. म्हणून तर एकदा बघून भागत नाही, सकाळ-संध्याकाळ बघा म्हणते. बाकी प्लेटलेटचं म्हणाल तर नमुन्याच्या नळीत प्लेटलेटच्या गुठळ्या झाल्या की मशीन ४० हजार दाखवतं आणि काचेवर सूक्ष्मदर्शकाखाली बघावं तर लाखभर असतात.

हिशोबी
२०२१ आठवतंय का? डी-डायमर, फेरिटिन, आयएल-६ अशा रक्तातल्या मार्करची (आजाराची तीव्रता दाखवणाऱ्या घटकांची) 'कोविड प्रोफाइल'ची पॅकेजं. ऑक्सिजन ९७, पण सीआरपी (शरीरातला दाह दाखवणारा मार्कर) वाढला म्हणून लोकांनी घरी स्टेरॉइड घेतलं. डेक्सामेथासोन या स्टेरॉइडचा फायदा ऑक्सिजन किंवा व्हेंटिलेटर लागलेल्यांनाच, हे ब्रिटनमधल्या 'रिकव्हरी' या कोविड-औषधांच्या चाचणीने जून २०२० मध्येच दाखवलं होतं. मार्कर म्हणजे लॅबचा धंदा, दुसरं काय!

तालुक्याचा डॉक्टर
अर्धंच सांगताय. त्याच 'रिकव्हरी'त टोसिलिझुमॅब या दाह कमी करणाऱ्या औषधाच्या चाचणीत कोणाला घ्यायचं, यासाठी सीआरपी किमान ७५ ची अट होतीच, ऑक्सिजन कमी असण्याच्या जोडीला. औषधानं मृत्यू कमी झाले. सौम्य पेशंटची पॅकेजं काढली हा तपासणीचा दोष कसा?

हिशोबी
बिल भरणाऱ्याला दोष कोणाचा याने फरक पडत नाही, डॉक्टर.

सूक्ष्मदर्शी
मग रात्री पेशंट पुढे पाठवायचा की नाही, हे कशावर ठरवता? पोटदुखी, सतत उलट्या, लघवी कमी, ताप उतरूनही माणूस मलूल: या खुणा आकड्याच्या आधी बघायला नकोत का? आणि सेंट्रिफ्यूज (रक्त गरगर फिरवून वेगळं करणारं यंत्र) असेल तर बारीक नळीत हिमॅटोक्रिट पाच-दहा मिनिटांत निघतो, सेल काउंटर (पेशी मोजणारं मशीन) लागत नाही.

तालुक्याचा डॉक्टर
खुणा बघतोच. नळ्या पुढच्या इंडेंटमध्ये (साहित्याच्या मागणीपत्रात) मागवतो. पण रात्री टेक्निशियन नसतो आणि आयसीयू दोन तासांवर आहे. प्लेटलेट ५० हजारांखाली आणि उतरत्या असतील, तर पेशंट मी रात्री ठेवून घेणार नाही. ते तसंच राहील.