चेतासंधी अनुभवाआधीही जुळतात

बालवाडीत कोकणी, मराठी आणि इंग्रजी एकदम कानावर पडल्यामुळेच गोव्यातल्या मुलांच्या मेंदूत चेतासंधी, म्हणजे एका चेतापेशीकडून दुसरीकडे संदेश जाण्याचे सांधे, निर्माण होतात, हे म्हणणे मला अर्धेच पटते. (म्हापशातल्या एका पालकसभेत फ्लॅशकार्डे विकायला आलेल्या गृहस्थांनी नेमके हेच सांगून बरेच संच खपवले होते.) कोणती चेतासंधी टिकेल आणि कोणती गळेल, हे बऱ्याच अंशी अनुभवावर ठरते यात वाद नाही, परंतु त्या मुळात जुळण्यासाठी अनुभव हवाच असे नाही. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात उंदरांच्या गर्भातून मन्क१८-१ हे प्रथिन वगळण्यात आले, आणि त्यामुळे त्यांच्या चेतापेशींतून रासायनिक संदेश बाहेर पडणेच थांबले. तरीही मेंदूचे थर व्यवस्थित रचले गेले आणि त्यांत घडणीने पूर्ण अशा संधीही आढळल्या. पुढे त्या पेशी मरून गेल्या, ही गोष्ट वेगळी.

जुळणीचे बरेचसे काम पेशींच्या पृष्ठभागावरील प्रथिने करतात. अक्षतंतूवरील (चेतापेशीचा संदेश पुढे नेणाऱ्या लांब धाग्यावरील) न्यूरेक्सिन आणि समोरच्या पेशीवरील न्यूरोलिजिन एकमेकांना धरतात, आणि ही पकड इतकी प्रभावी असते की मूत्रपिंडाच्या ऊतीपासून वाढवलेल्या, म्हणजे चेतापेशी नसलेल्या पेशींना प्रयोगशाळेतल्या बशीत न्यूरोलिजिन तयार करायला लावले, तरी शेजारून जाणारा अक्षतंतू त्यांच्यावरही रासायनिक संदेश साठवणाऱ्या सूक्ष्म पिशव्या (पुटिका) गोळा करून संधीची आपली बाजू उभारतो. त्या बशीत भाषा एकही नसते.