‘क्वो वादिस, आयदा?’ : पाहताना आयदाचाच राग येणे कितपत रास्त आहे?

वैजयंती

यास्मिला ज्बानिच दिग्दर्शित ‘क्वो वादिस, आयदा?’ (२०२०) हा बोस्नियन चित्रपट आमच्या छोट्या चित्रपट-मंडळात नुकताच पाहिला. त्यानंतर जी चर्चा झाली, तिने मी बरीच गोंधळले आहे.

ज्यांनी तो पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी सांगते. पूर्व बोस्नियातील स्रेब्रेनित्सा हे शहर संयुक्त राष्ट्रांनी एप्रिल १९९३ मध्ये ‘सुरक्षित क्षेत्र’ म्हणून जाहीर केले होते. ११ जुलै १९९५ रोजी रात्को म्लादिचच्या बोस्नियन सर्ब सैन्याने ते ताब्यात घेतले आणि हजारो बोस्नियाक मुस्लिम जीव मुठीत धरून जवळच्या पोतोचारी येथील डच शांतिसैनिकांच्या तळाकडे धावले. चार-पाच हजार माणसांना आत घेऊन तळाचे दार बंद झाले. बाकीचे कुंपणाबाहेर उन्हात बसून राहिले. पुढच्या काही दिवसांत तिथल्या पुरुषांना आणि किशोरवयीन मुलांना वेगळे काढून मारण्यात आले. आयदा मूळची शिक्षिका, पण युद्धामुळे याच तळावर दुभाष्याचे काम करते. नवरा आणि दोन मुलगे यांना वाचवण्यासाठी तिने केलेली धडपड हीच चित्रपटाची कथा आहे.

आमच्याकडे प्रतिक्रिया अशा आल्या. बऱ्याच जणांना आयदाचा राग आला. गळ्यातल्या संयुक्त राष्ट्रांच्या ओळखपत्राच्या जोरावर ती स्वतःच्या माणसांना कुंपणाच्या आत घेते, लपवते, अधिकाऱ्यांच्या विनवण्या करते; बाहेरच्या हजारोंचे मात्र तिला काहीच वाटत नाही, असा त्यांचा आक्षेप होता. काहींना प्रत्यक्ष हत्याकांड पडद्यावर न दाखवल्यामुळे चित्रपट ऐन मोक्याच्या क्षणी कच खातो असे वाटले. उरलेले काहीच बोलले नाहीत, आणि त्यांच्या मौनाचा अर्थ मला लावता आला नाही.

पुढच्या बैठकीत याच चित्रपटावर सविस्तर बोलायचे ठरले आहे. माझा प्रश्न असा की, वंशसंहारातून आपली माणसे वाचवू पाहणाऱ्या व्यक्तीकडून प्रेक्षक म्हणून निःपक्षपातीपणाची अपेक्षा धरणे योग्य आहे का? की हा राग दिग्दर्शिकेने जाणूनबुजून आपल्यात निर्माण केलेला आहे?

सदानंद

वैजयंतीताई, प्रश्न नेमका आहे. माझ्या मते हा राग खरा आहे, पण त्याचा पत्ता चुकलेला आहे.

डच अधिकारी आयदाला जे सांगतात ते आठवून पाहा. तळावर थांबू शकणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या यादीत तुमच्या मुलांची नावे घातली तर इतरांना काय सांगायचे, अपवाद करता येणार नाही, यादी तपासली गेली तर सगळेच अडचणीत येतील. ही वाक्ये ऐकताना आपण मनातल्या मनात मान डोलावतो, कारण एरवी कोणत्याही कार्यालयात आपण याच तत्त्वाचा आग्रह धरत असतो. आयदावर रागावणारा प्रेक्षक नकळत त्या अधिकाऱ्याच्या टेबलापलीकडे जाऊन बसलेला असतो. ज्या व्यवस्थेने तळाच्या दाराशी आलेल्या सर्वांच्याच संरक्षणाची हमी घेतली होती, ती आता एका बाईला समान वागणुकीचे धडे देते, यातली विसंगती त्याच्या लक्षात येईपर्यंत बराच वेळ निघून जातो.

ही कल्पनेतली परिस्थिती नव्हे. चित्रपटाला आधार आहे तो हसन नुहानोविच या तरुणाच्या अनुभवाचा, जो खरोखरच त्या तळावर दुभाषी होता. त्याचे आई, वडील आणि धाकटा भाऊ तळाच्या आत आलेले होते. भावाचे नाव कर्मचाऱ्यांच्या यादीत घालावे ही त्याची विनंती नाकारण्यात आली. वडील शरणार्थींच्या वतीने म्लादिचशी बोलणी करायला गेलेल्या शिष्टमंडळात होते म्हणून त्यांना तळावर थांबण्याची मुभा होती. पण मुलाला एकट्याला कसे पाठवायचे म्हणून ते आणि आई दोघेही त्याच्याबरोबर बाहेर पडले. तिघेही मारले गेले. नेदरलँड्सच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये वडील आणि भावाच्या, तसेच तळावर काम करणाऱ्या एका विजेच्या कारागिराच्या मृत्यूबद्दल डच सरकारला जबाबदार धरले. म्हणजे ‘अपवाद नाही’ हे उत्तर न्यायालयातही टिकले नाही.

आयदाकडे बोट दाखवायचेच असेल तर ते दुसऱ्या एका गोष्टीसाठी दाखवता येईल, आणि आश्चर्य म्हणजे त्या गोष्टीबद्दल फारसे कोणी बोलत नाही. हातात मेगाफोन घेऊन ती जमावाला अधिकाऱ्यांचे निरोप सांगते: शांत राहा, घाबरू नका, पाच-पाचच्या गटाने बाहेर पडा. त्यातल्या एकाही शब्दावर तिचा विश्वास उरलेला नाही हे आयदा साकारणाऱ्या यास्ना जुरिचिच यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसते. डोळे गर्दीत स्वतःचे मुलगे शोधत असतात आणि तोंडातून मात्र दुसऱ्याचे आश्वासन बाहेर पडत असते. दुभाष्याने अर्थ बदलायचा नसतो, आणि हा नियम ती इथे पाळते. माझ्या दृष्टीने नियम मोडून मुलांना लपवणारी आयदा सहज समजण्यासारखी आहे. अवघड आहे ती नियम पाळणारी आयदा.

रेणुका

सदानंदजींचे विवेचन पटण्यासारखे असले तरी प्रेक्षकाला थेट अधिकाऱ्याच्या खुर्चीत बसवणे मला अन्यायाचे वाटते. मला आयदाचा राग आला तो समान वागणुकीच्या तत्त्वापोटी नव्हे. तळ ज्या जुन्या कारखान्यात होता त्याच्या शेडमध्ये माणसे दाटीवाटीने बसलेली आहेत आणि त्यांच्यातून वाट काढत ती सारखी पुढे जात राहते. कॅमेराही तिच्याच मागे धावतो, म्हणून आपल्यालाही कोणापाशी थांबता येत नाही. मला थांबायचे होते. तो राग आयदापेक्षा कॅमेऱ्यावरचा होता असे फार तर म्हणता येईल, पण म्हणून तो चुकीचा ठरत नाही. दिग्दर्शिकेला तो हवाच असावा, नाहीतर युद्धापूर्वीच्या मेळाव्याच्या त्या आठवणीत नाचणाऱ्या प्रत्येकाच्या चेहऱ्यावर तिने इतका वेळ घालवला नसता.

मिलिंद

हत्याकांड न दाखवल्याबद्दलच्या नाराजीविषयी लिहितो, कारण ही तक्रार अशा प्रत्येक चित्रपटानंतर होते आणि तिच्यामागे एक गृहीतक असते. जितके जास्त दिसेल तितके अधिक कळेल, असे आपण धरून चालतो.

पुरुषांना सांस्कृतिक सभागृहात कोंडण्याचा प्रसंग पुन्हा पाहावा अशी विनंती आहे. भिंतीतल्या, एरवी प्रोजेक्टरसाठी असलेल्या झरोक्यांतून बंदुकांच्या नळ्या बाहेर येतात आणि कॅमेरा इमारतीबाहेर निघून जातो. बाहेर साधी वस्ती आहे, जवळच मुले खेळत आहेत आणि गोळीबाराचा आवाज त्या वस्तीला स्पष्ट ऐकू जातो आहे. पिलित्सा गावच्या सांस्कृतिक केंद्रात १६ जुलै १९९५ रोजी सुमारे पाचशे पुरुषांना मारण्यात आले, हे माजी युगोस्लाव्हियातील युद्धगुन्ह्यांसाठीच्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणासमोर सिद्ध झालेले आहे. ते केंद्र गावाच्या भर वस्तीत रस्त्यालगत होते. आत कॅमेरा ठेवला असता तर आपल्याला रक्त दिसले असते. बाहेर ठेवल्यामुळे ऐकणारे शेजारी दिसतात, आणि असा संहार शेजाऱ्यांच्या कानावर न पडता होत नसतो. याला कच खाणे म्हणणे मला तरी मान्य नाही.

ज्या दृश्याबद्दल तुमच्याकडे कोणीच बोलले नसावे असे वाटते ते शेवटाकडचे आहे: मोठ्या खोलीत जमिनीवर हाडे आणि कपड्यांचे तुकडे मांडून ठेवलेले आहेत आणि बायका त्यांच्यामधून हळूहळू चालत आहेत. अनेकांना ही प्रतीकात्मक मांडणी वाटते. वास्तविक ती तेथील वर्षानुवर्षांची कामाची पद्धत होती. हत्यांनंतर काही आठवड्यांतच पुरावा नष्ट करण्यासाठी सामूहिक कबरी यंत्रांनी उकरून प्रेते ट्रकांतून दुसरीकडे नेऊन पुरण्यात आली. त्या उकराउकरीत शरीरांचे तुकडे झाले आणि एकाच माणसाच्या अस्थी दोन-तीन वेगवेगळ्या ठिकाणी, कधी कित्येक किलोमीटरच्या अंतरावर, सापडल्या. पुढे नातेवाइकांच्या रक्ताच्या नमुन्यांशी डीएनए जुळवून बहुतेकांची ओळख पटवली गेली, पण त्याआधी कपडे, बूट, खिशातल्या वस्तू हाच आधार होता. काही कुटुंबांपुढे असाही प्रश्न उभा राहिला की सापडलेली चार हाडे आता पुरायची, की उरलेला सांगाडा मिळेपर्यंत थांबायचे. पोतोचारीच्या स्मारकावर ८,३७२ हा बळींचा आकडा कोरलेला आहे आणि दर ११ जुलैला, नव्याने ओळख पटलेल्यांचे तिथे दफन होते. हे माहीत असले की आयदा त्या खोलीत ज्या सावकाशीने चालते तिचे कारण कळते. दोन तास धावणारी ही बाई पूर्ण चित्रपटात फक्त इथे घाई करत नाही.

अनघ

चर्चा एकाच बाजूने चालली आहे म्हणून थोडे वेगळे मांडतो. चित्रपटात सर्ब सैनिक म्हणजे उर्मट, दारू प्यायलेले, कॅमेऱ्यासमोर भाकरी वाटणारे, एवढेच दिसते. १९९२-९३ मध्ये स्रेब्रेनित्साच्या आसपासच्या सर्ब गावांवरही हल्ले झाले होते, ७ जानेवारी १९९३ रोजी, ऑर्थोडॉक्स नाताळाच्या दिवशी, क्रावित्सा या सर्ब गावावर झालेला हल्ला तर तिकडे आजही सांगितला जातो. त्याचा या चित्रपटात पुसटसाही उल्लेख नाही. पाहणाऱ्याला द्वेष आकाशातून पडला असे वाटत असेल तर दोष पाहणाऱ्याचा नाही. बाकी अभिनयाबद्दल दुमत नाही.

मिलिंद

अनघ, क्रावित्साचा हल्ला झाला आणि त्यात माणसे मेली, हे कोणी नाकारत नाही. परंतु चित्रपटाचा अवकाश जुलैतल्या मोजक्या दिवसांचा आहे आणि तो तळाच्या आतून पाहिलेला आहे; तिथे अडकलेल्या शिक्षिकेने आपल्याला १९९३चा ताळेबंद समजावून सांगावा अशी अपेक्षा करता येत नाही. शिवाय ‘आधी त्यांनीही केले होते’ हा युक्तिवाद या हत्याकांडाच्या समर्थनार्थ इतक्या वेळा वापरला गेला आहे की, प्रेक्षक म्हणून तो उचलताना दहा वेळा विचार करावा. पकडलेल्या, निःशस्त्र पुरुषांना आणि किशोरवयीन मुलांना वेगळे काढून योजनाबद्ध रीतीने मारणे हा वंशसंहार होता, असा निर्णय न्यायाधिकरणाने २००१ मध्ये दिला, तो अपिलात २००४ मध्ये कायम झाला आणि २००७ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयानेही तोच निष्कर्ष काढला.

सर्ब म्हणजे केवळ खलनायक, हे मात्र चित्रपटही म्हणत नाही. कुंपणापाशी आयदाला ‘बाई’ म्हणून हाक मारणारा, तिच्या मुलाची चौकशी करणारा तो सर्ब सैनिक तिचाच विद्यार्थी आहे. म्लादिचच्या भूमिकेतील बोरिस इसाकोविच आणि आयदा झालेल्या यास्ना जुरिचिच हे दोघेही सर्बियातले कलाकार आहेत, वास्तवात पती-पत्नी आहेत, आणि या भूमिका केल्याबद्दल त्यांना स्वतःच्या देशात बरीच टीका सोसावी लागली.

वैजयंती

सर्वांचे आभार. पडद्याबाहेर ऐकणाऱ्या वस्तीचा मुद्दा मी बैठकीत आधी मांडेन, कारण आमच्याकडच्या आक्षेपाला त्याने थेट उत्तर मिळते. रेणुका यांचे म्हणणेही मला जवळचे वाटते, आणि त्यावर सदानंदजींचे उत्तर पुरेसे आहे असे मला अजून वाटत नाही.

एक आक्षेप मात्र लिहायचा राहिला होता. एका सभासदाचे म्हणणे असे की आयदाने काहीही केले असते तरी फरक पडला नसता. म्लादिचचे सैनिक आत घुसून सर्वांना घेऊन गेलेच असते, चारशेच्या आसपास डच सैनिक त्यांना अडवू शकले नसते, आणि म्हणून तिची सारी धडपड ही केवळ प्रेक्षकाला खिळवून ठेवण्याची युक्ती आहे. याला काय उत्तर द्यावे?

सदानंद

रेणुकाताईंचे म्हणणे मान्य. थांबता न येण्याचा राग मी हिशेबात धरला नव्हता.

तुमच्या सभासदाचा प्रश्न नेदरलँड्सच्या न्यायालयांपुढे जवळजवळ याच शब्दांत आला होता. १३ जुलै १९९५ रोजी तळाच्या आत आश्रयाला असलेल्या सुमारे ३५० पुरुषांना इतरांबरोबर बाहेर जाऊ दिले गेले. त्यांना आतच ठेवले असते तर ते वाचले असते का, हा वाद ‘स्रेब्रेनित्साच्या माता’ या संघटनेने लढवला. २०१७ मध्ये अपील न्यायालयाने ती शक्यता तीस टक्के धरली. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दहा टक्क्यांवर आणली आणि तेवढ्याच प्रमाणात सरकारचे नुकसानभरपाईचे दायित्व निश्चित केले. वारसांना हा आकडा अपमानास्पद वाटला, आणि मलाही त्यात कोरडा कारकुनी हिशेब दिसतो.

परंतु शून्य कोणत्याही न्यायालयाने म्हटले नाही. सर्व कागदपत्रे आणि साक्षी तपासून, इतक्या वर्षांनी, अत्यंत सावधपणे मोजूनही दहातला एक वाटा उरला. आयदाच्या हाती ना कागदपत्रे होती, ना वेळ. नवरा आणि दोन मुलगे आत होते, आणि ट्रक दाराशी उभे होते. तुमच्या सभासदाला एवढेच विचारावे की, दहातला एक वाटा समोर दिसत असताना तिने नेमक्या कोणत्या क्षणी धावणे थांबवायला हवे होते.